सात अठ्ठेचाळीसच्या आधी की नंतर

“मृत्यू खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ती मागे राहिलेली माणसं.”

आण्णा मंद्रूपकरांनी हे वाक्य हॉलच्या मधोमध उभं राहून, कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने उच्चारलं. हायस्कुलात चौतीस वर्षं शास्त्र शिकवलेल्या आणि त्यातली सात वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाचं वाक्य असल्यामुळे जमलेली मंडळी गप्प झाली. दोघातिघांनी माना खाली घातल्या. त्या शांततेत त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “अहो, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही.”

उलटाच होता. शिवणी बाहेर होत्या आणि गळ्याखाली ‘एक्स्ट्रा लार्ज’ अशी पट्टी लोंबत होती. मृत्यूवरचं उरलेलं भाष्य आण्णांनी आतल्या खोलीत, स्वेटर सुलटा करता करता, मनातल्या मनात उरकलं.

घरात मृत्यू झाला होता हे मात्र खरं. आण्णांचे थोरले भाऊ नंदूदादा, वय अठ्ठ्याहत्तर, बिनलग्नाचे, ‘जुळे सोलापूर’ वसाहतीतल्या या बंगल्याच्या गच्चीवरच्या खोलीत गेली वीस वर्षं राहणारे, पौषातल्या त्या बुधवारी सकाळी गेले. ब्लडप्रेशरची एक गोळी सोडली तर त्यांची कशाबद्दल तक्रार नव्हती. आयुष्यभर त्यांनी कुणाला त्रास दिला नाही आणि जातानाही दिला नाही. त्रास सुरू झाला तो साडेअकराला, गुरुराज आचार्य आले तेव्हा.

गुरुराज हे घरचे उपाध्ये. आईकडून कानडी, वडिलांकडून मराठी आणि दोन्हींकडून संशयी. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, चष्मा बदलला आणि दादा किती वाजता गेले ते विचारलं. शकुंतलाबाईंनी सांगितलं की आठ वाजता त्या चहा घेऊन वर गेल्या, तेव्हा दादा चांगले बोलले. ‘साखर कमी आहे’ म्हणाले. पावणेदहाला कप आणायला गेल्या, तर सगळं संपलेलं होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी येऊन तपासलं होतं, अंग जरा जास्तच ताठ आहे म्हणाले होते, त्याचा दोष थंडीला दिला होता आणि कागदावर घरच्यांनी सांगितली ती वेळ लिहिली होती.

गुरुराजांनी पंचांगातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते बराच वेळ उचललंच नाही.

“मग पंचकात गेले,” ते म्हणाले. “सात अठ्ठेचाळीसला पंचक लागलं.”

पंचक म्हणजे चंद्र विशिष्ट पाच नक्षत्रांतून जातो ते दिवस. त्या दिवसांत गेलेला माणूस आपल्यामागून घरातले आणखी पाचजण नेतो, असा समज आहे. आण्णांचा त्यावर विश्वास नव्हता. विश्वास नसतानाही त्यांनी मनात मोजदाद केली: आपण, शकुंतला, मुलगा ओजस, सून निवेदिता. चारच भरले. त्यांना हायसं वाटलं. शास्त्राच्या माणसाला आकड्याचा मोठा आधार असतो.

हा आधार बारा वाजता गेला. निवेदिताच्या आईचा, विजयमालाबाईंचा, टेंभुर्णीहून फोन आला. निघालेच आहे म्हणाल्या, आणि पुढच्याच श्वासाला पंचकाचं विचारलं. कोण कुठून कळवतं हे टेंभुर्णीच्या बाबतीत कधीच कळत नाही. मग त्यांनी फोनवरच बोटं मोजली. “तुम्ही दोघं, आमचे लेक-जावई, चार झाले. पाचवं कोण, ते मी बोलून दाखवायला नको.”

निवेदिताला पाचवा महिना होता.

आण्णांनी फोन ठेवला आणि दादांचं उपरणं आणायचं निमित्त करून ते गच्चीवर गेले. खरं कारण वेगळं होतं. शकुंतला आठ वाजता वर गेलीच नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बुधवार हा पाण्याचा दिवस होता. चौथ्या दिवशी येणारं पाणी त्या दिवशी सात ते नऊ आलं, आणि ते दोन्ही तास आण्णा हातात पाइप धरून जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे होते. त्यांना ओलांडल्याशिवाय वर जाता येत नव्हतं. शकुंतला टाकीकडे गेली, बॅरलकडे गेली, घागरी-कळश्या-पातेली, इतकंच काय, पुरणयंत्राचं भांडंसुद्धा भरून घेतलं. पण जिना चढली नाही.

वरच्या खोलीत चहाचा कप होता. काठोकाठ भरलेला, वर सायीचा जाड पापुद्रा. घोटभरही न घेता ज्याला साखर कमी असल्याचं कळलं, त्या भावाच्या जिभेचं आण्णांनी क्षणभर कौतुक केलं. मग त्यांनी गोळ्यांची पट्टी पाहिली. शकुंतला चहाबरोबरच दादांना गोळी द्यायची. सोमवारची जागा रिकामी होती, मंगळवारची रिकामी होती, बुधवारची गोळी जागच्या जागी होती.

आण्णा खाटेच्या कडेवर बसले. बेचाळीस वर्षांच्या संसारात शकुंतला त्यांच्याशी खोटं बोलली होती ते फक्त साड्यांच्या बाबतीत. आता ती एका मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालत होती. काय झाकत होती? आदल्या संध्याकाळपासून कुणी दादांकडे फिरकलंच नव्हतं का? गोळीत काही घोटाळा झाला होता का? की दोघांचं काही बिनसलं होतं? आण्णांच्या डोक्यात एकामागून एक शक्यता येऊ लागल्या आणि प्रत्येक शक्यता आदल्या शक्यतेपेक्षा वाईट होती. एक गोष्ट मात्र लख्ख होती. शकुंतलाची आठची वेळ खोटी ठरली, म्हणजे दादा सात अठ्ठेचाळीसच्या आधीच गेले असं ठरलं, तर पंचक उठत होतं. आणि शकुंतला खोटारडी ठरत होती. विहिणीसमोर, उपाध्यांसमोर, अख्ख्या भाऊबंदांसमोर.

याच वेळी चेतना आली.

चेतना ही आण्णांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करत होती, आणि कसलं संशोधन हे नातेवाइकांनी एकदा विचारून पुन्हा कधी विचारलं नव्हतं. मंद्रूपच्या पुढे मडिवाळप्पा नावाच्या धनगराच्या रानात ती मेलेल्या शेळ्या जाळीच्या पिंजऱ्याखाली ठेवायची, कुत्र्यांनी ओढू नयेत म्हणून वर दगड ठेवायची, आणि ठरावीक तासांनी कापसाच्या बोळ्याने पुसून नमुने घ्यायची. मडिवाळप्पाने पहिले आठ दिवस हे बघितलं आणि मग न राहवून म्हणाला होता, “बाई, जित्या शेळीला बी कुनी इतकं जपत न्हाई की.”

आण्णांनी तिला जिन्यातच गाठलं आणि विचारलं की माणूस नेमका केव्हा गेला हे तुझे जंतू सांगतील का. चेतना नुकतीच रडून आली होती, पण विषय कामाचा निघाल्याबरोबर तिने डोळे पुसले. माणूस गेला तरी त्याच्या अंगावरचे आणि पोटातले जंतू जात नाहीत, ती समजावू लागली. ज्यांना हवा लागते ते मागे पडतात, ज्यांना नको असते ते पुढे सरसावतात, बाहेरून नवे येतात, आणि हे सगळं बऱ्यापैकी ठरलेल्या क्रमाने होतं. मंद्रूपचा आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. नुसते चहावाले आणि हमाल दिसले तर समजायचं पहाट आहे. भाजीच्या रांगा लागल्या असतील तर सकाळ. पडलेली कोबीची पानं खायला शेळ्या शिरल्या असतील तर बाजार उठायला आला. कोण कोण हजर आहे एवढं बघून वेळ सांगता येते.

“पण मामा, हे दिवसांचं घड्याळ आहे,” ती म्हणाली. “तासामिनिटांचं नाही.”

आण्णांनी यातला ‘घड्याळ’ हा शब्द ऐकला आणि बाकीचा विद्यार्थिदशेतला संकोच म्हणून सोडून दिला.

नमुना घेणं अजिबात अवघड गेलं नाही. रिवाजाप्रमाणे नंदूदादांच्या नाकाकानात कापूस घातलेलाच होता. चेतनाने नाकातला बोळा काढला, दुसरा घातला आणि काढलेला बोळा पर्समधून आणलेल्या बारीक नळीत टाकून झाकण लावलं. हे करताना तिने दादांच्या कपाळावर हात ठेवला होता, त्यामुळे बायकांना ते फार हृद्य वाटलं. फक्त गुरुराजांची नजर नळीच्या मागे मागे पर्सपर्यंत गेली.

“तो कापूस कुठे चालला?” त्यांनी आण्णांना विचारलं.

“शास्त्रासाठी,” आण्णा म्हणाले. कुठल्या शास्त्रासाठी हे त्यांनी सांगितलं नाही आणि गुरुराजांनी विचारलं नाही. दोघांनाही ते आपलंच वाटलं.

चेतनाने जाताना बजावलं की हे संशोधनात धरता येणार नाही, घरगुती म्हणून करून देते. पुण्याला तपासणीसाठी जाणाऱ्या डब्यात नंदूदादांची नळी ‘शेळी २३’च्या शेजारी बसली. नळीवर लिहिलं होतं, ‘मामा १’.

दुपारी स्मशानात गुरुराजांनी नंदूदादांसोबत दर्भाचे पाच पुतळे दहन केले आणि तेराव्या दिवशी शांती करायची असं सांगितलं. त्याने दोष जातो म्हणाले. विजयमालाबाईंचं समाधान मात्र झालं नाही. घरी आल्यावर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, शेजारून पिठलं-भात आला, आणि तो वाढला जात असताना त्यांनी आपला निर्णय शांतपणे सांगितला. शांती तुम्ही करा, अवश्य करा. चौदाव्या दिवशी मी निवेदिताला टेंभुर्णीला घेऊन जाणार. पहिलं बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं आहे, ते होईल. पण वर्षश्राद्ध होईपर्यंत बाळाला या घराचा उंबरा दाखवणार नाही.

दिवाळीपासून शकुंतलाबाई जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवत होत्या. सतरा झाली होती. त्या उठून आत गेल्या आणि दुपट्यांचं गाठोडं कपाटाच्या वरच्या फळीवर, पटकन हात पोचणार नाही असं ठेवून आल्या. आण्णांनी ते दारातून पाहिलं. भिंगातून पाहावं तसं पाहिलं, आणि त्यांच्या संशयात एक नवीनच भर पडली: एवढं जिवाला लागलेलं असताना ही खरं का सांगत नाही?

चौथ्या दिवशी आण्णांनी फास टाकला. सगळे बसलेले असताना त्यांनी सहज म्हटल्यासारखं जाहीर केलं की चेतनाने नमुना पुण्याला पाठवलेला आहे, आणि दादा नेमके किती वाजता गेले हे मिनिटासकट कळणार आहे. ओजसने मान डोलावली. विजयमालाबाईंनी रिपोर्टवर सही-शिक्का असतो का, असं विचारलं. शकुंतलाबाईंच्या हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली.

त्यानंतर शकुंतलाबाईंनी जंतूंची चौकशी सुरू केली. एकदम नाही. आज एक प्रश्न, उद्या एक. पहिल्या दिवशी विचारलं, ते जंतू दिसतात कसे. दुसऱ्या दिवशी भांडी लावता लावता विचारलं की त्यांना फक्त वेळ कळते, की त्या वेळी खोलीत कोण होतं तेही कळतं. आण्णा म्हणाले, विज्ञान फार पुढे गेलं आहे. तिसऱ्या दिवशी बराच वेळ काही नाही, आणि मग तुळशीला पाणी घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, “चहाचंही कळत असेल का हो?”

“चहाचं तर पहिलं कळतं,” आण्णा म्हणाले. हे ते कुठे शिकले होते कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून शकुंतलाबाई जेवण अर्ध्यावर टाकू लागल्या. गुन्हेगार असाच खचतो, हे आण्णांना ठाऊक होतं. आपण घरातल्या घरात एवढी मोठी गोष्ट किती सफाईने हाताळतो आहोत, याचंही त्यांना थोडं कौतुक वाटत होतं. फक्त रिकाम्या ताटाऐवजी भरलेलं ताट उचलून नेणाऱ्या बायकोकडे बघताना त्यांना स्वतःचा घास गिळायला जरा जास्त वेळ लागू लागला.

अकराव्या दिवशी सकाळी चेतनाचा फोन आला. आण्णा फोन घेऊन गच्चीवर गेले, दार लावून घेतलं आणि वही-पेन सरसावून म्हणाले, “सांग. किती वाजून किती मिनिटं?”

चेतनाने सांगितलं ते असं. तिच्या मॉडेलप्रमाणे कापूस काढला त्याच्या साधारण अर्धा दिवस आधी मृत्यू झाला असावा. आण्णांनी हिशेब केला: मंगळवार आणि बुधवारच्या मधली मध्यरात्र. त्यांनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. मग चेतना म्हणाली की यात दोन दिवस इकडेतिकडे होऊ शकतात.

“इकडे की तिकडे?”

“दोन्हीकडे, मामा. म्हणजे सोमवार लागल्यापासून गुरुवार संपेपर्यंत केव्हाही.”

“सोमवारी सकाळी मी त्यांच्याशी पेपरवरून भांडलो,” आण्णा म्हणाले. “आणि गुरुवारी आम्ही त्यांच्या अस्थी गोळा करत होतो.”

“पुढचा भाग मी कापून टाकीन,” चेतना म्हणाली. “मॉडेलला अस्थींचं माहीत नाही ना. ते शेळ्यांवर शिकलेलं आहे. माणूस हा पहिलाच.” मग म्हणाली, “मी तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं.”

रिपोर्टचा कागद पाठवते असं सांगून तिने फोन ठेवला. आण्णांनी वहीतली रेघ मारलेली ओळ पाहिली. शेळीच्या हिशेबाने त्यांचा भाऊ अंत्यसंस्कारानंतरही दीडेक दिवस धुगधुगी धरून असू शकत होता. ज्या विज्ञानाच्या जोरावर त्यांनी आठ दिवस बायकोला धारेवर धरलं, ते विज्ञान आठवडी बाजाराच्या बाहेर उभं राहून, आज बाजार आहे की परवा, हे विचारत होतं.

ते खाली आले. शकुंतलाबाई स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होत्या. ओजस आणि निवेदिता दवाखान्यात गेले होते, विजयमालाबाई टेंभुर्णीला परतल्या होत्या, घरात तिसरं कुणी नव्हतं. आण्णांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते नुसते उभे राहिले. तेवढं पुरलं.

“कळलं ना तुम्हाला,” शकुंतलाबाई म्हणाल्या. वर बघितलं नाही. “साडेसहाला गेले होते मी चहा घेऊन. हात लावला तर गार. मी नावाने दोनदा हाक मारली. मग पांघरूण नीट केलं.”

“आणि?”

“आणि सातला पाणी यायचं होतं.”

आण्णा पाटावर बसले.

“चार दिवसांनी येणार होतं,” त्या म्हणाल्या. “टाकीत तळाला बोटभर राहिलेलं. मी तेव्हा हाक मारली असती तर सगळे वर धावले असते. पाइप कुणी धरला असता? शंभर माणूस जमायचं, स्मशानातून आल्यावर सगळ्यांची आंघोळ, त्या माणसांना काय रिकामी बादली दाखवायची? आणि एकदा गेल्याचं कळलं की चूल बंद. तुमची साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायची? निवेदिता, ती पोरगी संध्याकाळपर्यंत पोटात अन्न नाही, पाणी नाही, अशी बसणार होती? मी पाणी भरलं, पोहे केले, तुम्हा सगळ्यांना खायला घातलं, आणि मग वर गेले.”

“आणि साखर?”

“ते मंगळवारी संध्याकाळी म्हणाले होते. तेवढंच शेवटचं बोलणं झालं आमचं. मी फक्त दिवस बदलला.” आता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “मला काय माहीत ते पंचक का काय लागतंय. नाहीतर सहाच सांगितले असते. मी त्यांना तसं सांगूनही आले होते हो. म्हटलं, दादा, पाणी भरून होईपर्यंत थांबा. ते काय, जन्मभर थांबलेच होते आपल्यासाठी.”

आण्णांनी तांदळातला एक खडा उचलला आणि तो कुठे टाकावा हे न कळून हातातच धरला. एवढे दिवस का गप्प राहिलीस, असं त्यांनी विचारलं. शकुंतलाबाई म्हणाल्या की वर प्रेत आणि खाली सगळे पोहे खात होते, त्यावर कोथिंबीरसुद्धा घातली होती, हे विहीणबाईंपुढे कुठल्या तोंडाने सांगायचं. पंचक निदान ग्रहांच्या माथी जातं. हे माझ्या माथी आलं असतं. आणि ज्या घरात सुतकात गर्भारशीला खायला घालतात तिथे त्यांनी लेकीला वर्षाने तरी पाठवलं असतं का?

मग त्या आण्णांकडे सरळ बघून म्हणाल्या, “रोज पावणेसातला पेपर घेऊन तुम्ही वर जायचात. सोमवारी भांडलात आणि मंगळवारी गेला नाहीत, बुधवारीही नाहीत. गेला असतात तर तुम्हालाच दिसलं असतं सगळं.”

आठ दिवसांत आण्णांनी घरातल्या प्रत्येकावर एकेकदा संशय घेतला होता. या एका माणसाचा त्यांनी विचारच केला नव्हता.

ते उठले, कोट चढवला आणि ओजसच्या टेबलावरच्या यंत्रातून चेतनाचा रिपोर्ट छापून घेतला. दोन पानं इंग्रजीत, खाली रंगीत आलेख. आलेखात एक रुंद निळा पट्टा होता, सोमवारपासून सुरू होणारा. पुढचं टोक चेतनाने शब्द दिल्याप्रमाणे बुधवारी दुपारी कापून टाकलं होतं.

गुरुराज घरीच होते. आण्णांनी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की शास्त्रीय तपासणी झालेली आहे. दादा पंचक लागायच्या आधी गेले.

गुरुराजांनी चष्मा बदलला. कागद उलटसुलट करून पाहिला, उजेडाकडे धरला. “वहिनी आठ म्हणाल्या होत्या.”

“पाण्याच्या दिवशीचे आठ,” आण्णा म्हणाले.

गुरुराजांच्या घरीही नळ होता. त्यांनी तो मुद्दा सोडला. “पण या जंतूंची वेळ कुठली धरायची? पंचांगात मुंबईची वेळ दिलेली असते, सोलापूरला सूर्य आधी उगवतो. मला दरवेळी फरक काढावा लागतो.”

“नमुना सोलापुरातच घेतलेला आहे.”

“मग ठीक.” गुरुराजांनी निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि ते सावकाश सोमवारपासून सरकवत आणलं. बुधवारच्या सकाळी थांबले. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. “आण्णा, हा पट्टा फारच ऐसपैस आहे. यात माणूस केव्हाही मरू शकतो.”

“शक्यता उरतेच,” आण्णा म्हणाले. “पण बहुतेक सगळा पट्टा सात अठ्ठेचाळीसच्या आधीचा आहे. बघा मोजून.” हे शब्दशः खरं होतं, आणि ते खरं असल्याचं आण्णांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

गुरुराजांनी खरोखर मोजलं. मग चष्म्यावरून आण्णांकडे इतका वेळ पाहिलं की आण्णांना मुख्याध्यापकाच्या खोलीबाहेर उभं राहिल्यासारखं वाटू लागलं. गुरुराजांना काय कळलं आणि किती कळलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी कागदाची घडी केली.

“जिथे दोन मतं निघतात तिथे घराला सोसेल ते घ्यावं,” ते म्हणाले. “पंचक नाही. शांती नको. विहीणबाईंना तुम्ही सांगू नका, तुमचं त्यांना पटणार नाही. फोन लावा, मी बोलतो.”

फोन लावला. पलीकडून विजयमालाबाईंनी सहीचं विचारलं, शिक्क्याचं विचारलं, पुतळे जाळले ते मग वाया गेले का तेही विचारलं. गुरुराजांनी प्रत्येक प्रश्नाला “पुण्याहून आलंय” एवढंच उत्तर दिलं. शेवटी टेंभुर्णीहून आवाज आला की ठीक आहे, सातव्या महिन्यात घेऊन जाते, आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की मी स्वतः आणून पोचवीन; विहीणबाईंना म्हणावं, दुपटी कमी पडू देऊ नका.

आण्णांनी फोन खिशात ठेवला. आभार मानावेत तर कशाबद्दल, ते सांगता येईना. त्यांनी नुसताच नमस्कार केला, चपला घातल्या आणि ते फाटकापर्यंत पोचले, तेवढ्यात गुरुराजांनी मागून हाक मारली. ते दारात रिपोर्ट हातात घेऊन उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, थोडी भीड होती.

“आण्णा, ती तुमची भाची जंतूंतलं एवढं जाणते,” ते म्हणाले, “तर तिला तेवढं विचाराल का? थंडी पडल्यापासून आमच्याकडचं इडलीचं पीठ फुगत नाही.”